भिंतीला लागून ठेवलेला मॉनिटर

माऊसवर हात ठेवला की माणसाची तर्जनी मधल्या पेरात जराशी वाकते. कुणी मुद्दाम वाकवत नाही, माऊसचा आकारच तसा असतो. दादाची वाकत नव्हती. ती पट्टीसारखी सरळ राहायची आणि तिचं टोक डाव्या बटणाच्या वर, खालून एखादं पोस्टकार्ड सरकवता येईल एवढ्या उंचीवर थांबलेलं असायचं. गोळी मारायची वेळ आली की ते बोट मुळापासून सगळंच्या सगळं खाली यायचं, रेल्वेचं फाटक पडावं तसं.

मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून ते बघत होते आणि तो मॉनिटरला शिव्या देत होता.

"हे बघ. मी दाबलं तेव्हा तो समोर होता का नव्हता? ह्याच्यात चित्रच मागनं येतंय."

शेजारच्या खुर्चीवरचा भरतेश स्वतःच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "चित्र मागनं येतंय आणि महेंद्र त्याच्याबी मागनं येतोय."

बाकीचे हसले. महेंद्र, म्हणजे माझा दादा, हसला नाही. त्याचा डावा पाय टेबलाखाली सतत हलत होता, त्यामुळे टेबलावरचा स्पीकरही हलत होता.

ही गोष्ट पातळ मॉनिटर नुकते आमच्याकडे यायला लागले होते तेव्हाची. आता ते जुने, डबा मॉनिटर भंगारातसुद्धा दिसत नाहीत. इचलकरंजीत आमच्या घराच्या तळमजल्याला दोन खोल्या होत्या. मोठीत आप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, यंत्रमाग, लहानीत दादाचं गेमिंगचं दुकान, मध्ये एक विटेची भिंत. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग असल्यामुळे सकाळपासून खडखडाट चालू असायचा आणि त्यावरून ऐकू जावं म्हणून सगळी गल्ली ओरडूनच बोलायची. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटायचं, इथे भांडण चाललंय.

मी कोल्हापूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि शनिवारी घरी यायचे. आल्यावर मीही खेळायला बसायचे. दुकानात येणाऱ्यांत मुलगी अशी मी एकटीच होते, आणि मालकाची बहीण असल्यामुळे कुणी काही बोलत नसे. पाच विरुद्ध पाच असा बंदुकीचा खेळ होता. दादाच्या संघात तो, भरतेश, इरफान आणि आणखी दोघं. त्यांपैकी कुणी आलं नाही तर त्या खुर्चीवर मी.

त्या वर्षी संघ पहिल्यांदाच पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत पोचला होता. आयोजकांकडे दोन्ही प्रकारचे मॉनिटर होते, निम्मे सीआरटी म्हणजे जुने जाड काचेचे आणि निम्मे एलसीडी म्हणजे नवे पातळ. प्रत्येक संघानं कुठले हवेत ते आधी कळवायचं होतं. त्यांचा माणूस त्या शनिवारी चारच्या सुमारास फोन करणार होता आणि दोनच गोष्टी विचारणार होता, मॉनिटर कुठला आणि पाच नावं कोणती. नंतर दोन्हींत बदल नाही.

मॉनिटरवरून आठवडाभर वाद चालला होता. नावांवरून कुणी काहीच बोलत नव्हतं.

बोटाचं असं झालं होतं. दिवाळीच्या आधी एक कामगार सुट्टीवर गेला म्हणून दादा आप्पांच्या मदतीला मागावर उभा राहिला होता. मागात धोटा असतो, सुताची कांडी पोटात घेऊन ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, आरपार इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, टोकाला लोखंड लावलेला. तो कधीतरी उडतो. त्या दिवशी उडाला आणि दादाच्या उजव्या तर्जनीवर बसला. टाके घातले, जखम भरली. आप्पांनी विचारलं तेव्हा दादानं हात मागे घेत सांगितलं, झालं बरं.

बरं झालं नव्हतं. आम्ही दोघं आप्पांना न सांगता मिरजेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. त्यांनी बोट सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, बोट ओढणारी आतली दोरी भरताना आजूबाजूला चिकटलीय. उघडून ती सोडवावी लागेल. मग दोन-तीन महिने रोज बोटाचा व्यायाम, दुसरं काही नाही. मात्र उशीर केलात तर सांधाच धरेल, मग मी काही करू शकणार नाही. दादानं मान डोलावली. जिना उतरताना म्हणाला, ही स्पर्धा होऊ दे. ती झाली. मग पुढची होऊ दे म्हणाला. आता पुण्याची आली होती.

आप्पांना का सांगत नाहीस, असं मी एकदाच विचारलं होतं. तेव्हा त्यानं भिंतीकडे बोट केलं. धोटा उडालेला माग त्या दिवसापासून बंद होता. आप्पा लोकांना सांगायचे, त्याला सूत लागत नाही. तेच सूत बाकीच्या मागांना लागत होतं; आप्पा स्वतःला दोष देत होते, हे आम्हाला कळत होतं.

तर त्या शनिवारी दादाचं म्हणणं होतं की दोष एलसीडीचा आहे. दुकानात नवे आणलेले दोन एलसीडी होते आणि तो महिनाभर त्यातल्याच एकावर खेळत होता. भरतेशचं म्हणणं उलट. एलसीडीनं डोळे दुखत नाहीत, खोली तापत नाही, लाईट गेली तर इन्व्हर्टर जास्त वेळ टिकतो, आणि पुण्याचे बाकीचे संघही एलसीडीच मागणार.

"शुभदा, तू सांग," दादा म्हणाला. "तू शिकलेली हाईस. मागनं येतंय का नाही?"

मी सांगितलं की नुसतं सांगून उपयोग नाही, मोजता येईल.

भरतेश लग्नाचे फोटो काढायचा, त्याचा कॅमेरा दुकानातच असायचा. एका संगणकाला एक एलसीडी आणि एक सीआरटी असे दोन्ही मॉनिटर जोडले, दोन्हीवर एकच चित्र दिसेल असं केलं आणि वेगानं पळणारं एक घड्याळ लावलं. दोन्ही पडदे एका चौकटीत घेऊन फोटो काढायचे, बस. शटर फार जलद ठेवलं तर सीआरटीवर अर्धंच चित्र येतं, ते भरतेशला दोनतीन फोटोंत कळलं. मग नीट आले. संगणक एक, क्षण एक, आणि फोटोत दोन घड्याळांत दोन वेगळे आकडे. दर वेळी एलसीडीवरचं घड्याळ मागे.

दादा खुर्चीतून उठलाच. "बघ, मर्दा! मी म्हणलं नव्हतं?"

त्याचा चेहरा असा उजळलेला मी दिवाळीनंतर पाहिला नव्हता. त्यानं भरतेशच्या पाठीत थाप मारली, इरफानला फोटो दाखवला, मला चहा सांगतो म्हणाला आणि सांगायचं विसरून गेला. लगेच जुन्या सीआरटीवर जाऊन बसला. मी फोटो परत बघितला. फरक होता, पण पापणी लवायला लागतो त्याच्याहून कितीतरी कमी. हे मी बोलले नाही, कारण तो विचारत नव्हता.

खेळ सुरू झाला. दादा आमचा दुर्बीणवाला होता. लांब बसायचं, उजव्या बटणावरच्या मधल्या बोटानं दुर्बीण लावायची, माणूस दिसला की डाव्यावरच्या तर्जनीनं गोळी. पहिल्याच फेरीत दोन वेळा त्याच्या दुर्बिणीत आलेला माणूस निघून गेला. तिसऱ्या वेळी त्यालाच गोळी लागली.

"हे चित्र थरथरतंय," तो म्हणाला.

थरथरत होतं, ते खोटं नव्हतं. कडेच्या सरळ रेषा पाण्यात काठी दिसावी तशा हलत होत्या. तो मॉनिटर भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडे आप्पांचा पहिला माग. मागाच्या मोटारीचं चुंबकीय क्षेत्र विटेला जुमानत नाही आणि सीआरटीतला किरण त्या क्षेत्रानं हलतो. दादानं इतकी वर्षं तो मॉनिटर तिथेच ठेवला होता. रेषा हलल्या की त्याच्या डोक्यावर चापट मारायची, एवढाच त्याचा उपाय. मी आणि इरफाननं टेबल धरून खोलीच्या मध्यापर्यंत ओढलं. रेषा उभ्या राहिल्या.

भरतेश म्हणाला, "म्हणजे आप्पांनीच हरवलं म्हणायचं आपल्याला."

दादानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. भरतेश उगाच कॅमेऱ्याचं झाकण लावू लागला.

पुढची फेरी. तेच झालं. दादानं डोळे चोळले आणि म्हणाला, डोकं चढतंय, हा पडदा लुकलुकतोय. मी टेबलाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि समोर दाराकडे बघितलं. लुकलुक सरळ बघून कळत नाही, डोळ्याच्या कोपऱ्याला ती जास्त कळते. खरंच लुकलुकत होता. विंडोज नवं टाकलं होतं तेव्हापासून खेळ सुरू झाला की पडदा चित्र पुन्हापुन्हा उमटवायच्या सगळ्यात कमी वेगावर जाऊन बसायचा, आणि बाहेर आलं की परत ठीक. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते बदललं. चित्र कागदावर छापल्यासारखं स्थिर झालं.

"आता?" मी विचारलं.

"आता झ्याक," दादा म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढली. त्याचा पाय परत हलायला लागला.

मला बसवत नव्हतं. मी दारापर्यंत जाऊन आले, पाणी प्यायले, परत आले. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलेलं असतं की एकेक गोष्ट बाजूला करत जायचं, शेवटी जे उरेल ते उत्तर. प्रयोगशाळेत एकेक गोष्ट निघाली की बरं वाटतं. इथे दर वेळी काहीतरी सापडत होतं, दुरुस्त होत होतं, आणि मला वाटत होतं की अजून काहीतरी बिघडलेलं सापडावं. एखादी सैल वायर तरी. मी टेबलाखाली वाकून वायरी तपासल्यासुद्धा. सगळ्या घट्ट होत्या.

ती फेरीही तशीच गेली.

इरफान फारसा बोलत नसे. तो म्हणाला, माऊस खराब असेल. माऊस बदलला. भरतेश म्हणाला, आता उरलंय ते ग्रहमान, जोश्यांकडे जाऊन येऊ. यावर कुणी हसलं नाही. घड्याळात चार वाजत आले होते आणि आयोजकांच्या माणसाचा फोन कधीही येणार होता. भरतेश मला बाजूला घेऊन हळू म्हणाला, म्हणजे मागांच्या आवाजात जेवढं हळू बोलता येतं तेवढं, "तू सांग की त्याला. तुझं ऐकंल." काय सांगू, असं मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिलेला होता, कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी. पडदा काळा असतो, कधीतरी अचानक पांढरा होतो, झाला की बटण दाबायचं. किती वेळ लागला ते खाली दिसतं. मी तो सुरू केला आणि म्हटलं, सगळ्यांनी करूया, दोन्ही मॉनिटरवर. मॉनिटरचंच ठरवायचंय ना.

भरतेश बसला, इरफान बसला, मी बसले. आम्हा तिघांनाही सीआरटीवर थोडा कमी वेळ लागला, एलसीडीवर थोडा जास्त, आणि दोन्हींतला फरक फोटोत दिसला होता साधारण तेवढाच. मग दादा बसला. त्याच्याही दोन आकड्यांत फरक तेवढाच होता. पण त्याचा सीआरटीवरचा आकडा आमच्या एलसीडीवरच्या आकड्यापेक्षा मोठा होता. थोडाथोडका नाही.

त्यानं परत केलं. परत तोच. तिसऱ्यांदा त्यानं पडदा पांढरा व्हायच्या आधीच दाबलं आणि प्रोग्रामनं लाल अक्षरात चूक दाखवली.

पलीकडे माग चाललेच होते. दादा पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बघत होता आणि त्याचा पाय थांबला होता. तो हलत होता तेव्हा बरं वाटत होतं असं मला त्या वेळी वाटलं.

"दादा," मी म्हटलं, "मधल्या बोटानं करून बघ."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. मग माऊसवरचा हात जरा सरकवला, तर्जनी बाजूला हवेत ठेवली आणि मधलं बोट बटणावर टेकवलं. ते वाकून टेकलं.

पडदा पांढरा झाला. खाली आकडा आला. तो भरतेशपेक्षा, इरफानपेक्षा आणि माझ्यापेक्षाही कमी होता. दादा एकेकाळी जसा होता तसाच होता, फक्त एक बोट सोडून.

"मग मधल्यानंच खेळ की," इरफान म्हणाला.

"आणि दुर्बीण कोण लावणार, तुझा मामा?" भरतेश म्हणाला.

आम्ही सगळे हसलो, गरजेपेक्षा जास्त वेळ. दादाही हसला. हसताना त्यानं तर्जनी डाव्या हाताच्या मुठीत धरली आणि मागे वाकवल्यासारखी, पुढे वाकवल्यासारखी करत राहिला. ती मुळातून हलत होती. पेरात नव्हती.

तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडे लाईट गेली की आधी दिवे जातात आणि मग माग. मोटार बंद झाल्यावरही माग दोनचार ठोके टाकतात, मग एकेक करून थांबतात. आमचे थांबले, समोरच्यांचे थांबले, मग गल्लीच्या टोकाचे. सीआरटीवरचं चित्र आक्रसून मध्ये एक ठिपका राहिला आणि तोही गेला. इन्व्हर्टरवरचे दोन एलसीडी मात्र चालू राहिले. गल्ली एकदम इतकी शांत झाली की वरच्या मजल्यावर कुणीतरी पातेलं ठेवल्याचं ऐकू आलं.

लाईट गेली की आप्पा चहाची किटली घेऊन दुकानात यायचे, ही रोजची रीत. त्या दिवशीही आले. डोक्यावर, भुवयांवर सुताची पांढरी धूळ बसलेली, धोतराच्या सोग्यानं किटलीचा कान धरलेला. दाराशी क्षणभर थांबून त्यांनी मध्यावर ओढलेलं टेबल बघितलं. स्टुलावर बसले आणि कप मांडायला लागले.

दादाचा मोबाईल वाजला. पुण्याचा नंबर होता.

त्यानं फोन कानाला लावला आणि मागांवरून बोलायच्या सवयीनं मोठ्यानंच बोलला. होय, इचलकरंजीहून. होय, ठरलंय. सीआरटी द्या. नाही, पाचही. जुने असले तरी चालतील, भिंतीजवळ देऊ नका फक्त. नावं घ्या. भरतेश मगदूम. इरफान मोमीन. मग उरलेल्या दोघांची नावं सांगितली. मग तो थांबला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"पाचवं नाव लिहा," तो म्हणाला. "शुभदा सातपुते."

भरतेशनं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता.

"होय, मुलगी. का, चालत नाही असं कुठं लिहिलंय काय? ... मग झालं तर."

त्यानं फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. आप्पा चहा ओतत होते. धार जराही हलली नाही, पण कप भरल्यावरही ती थांबली नाही, थोडा चहा बशीत सांडला.

"तिचं नाव दिलंस," ते म्हणाले. "मग तू?"

आप्पांनी त्याला कप दिला. त्यानं तो अंगठा आणि मधल्या बोटात धरला. आप्पांनी ते बघितलं आणि नजर वळवून त्या दोन निळसर एलसीडींकडे पाहिलं. मॉनिटरला ते नेहमी टीव्हीच म्हणायचे.

"सकाळपासनं ऐकतोय मी भिंतीपलीकडनं," ते मला म्हणाले. "एवढी मोजमापं चाललीत. कुठला टीव्ही चांगला निघाला मग?"

मला उत्तर येत होतं, आकड्यांसकट. मी दादाकडे बघितलं.

दादानं कप खाली ठेवला. माग बंद होते, ओरडायची गरज नव्हती, तरी त्याचा आवाज मोठाच निघाला आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेला असणार.

"दोन्ही चांगले आहेत, आप्पा. माझं बोट वाकत नाही. सोमवारी मी मिरजेला जातोय, ऑपरेशन करून घेणार."